१७. डिप्लोमाच म्हण

"समारंभाला चार खुर्च्या मिळाल्यात, त्यातली एक आजीची," संहितानं जाहीर केलं आणि फ्रीज उघडून आत डोकं घातलं. तिच्या लेखी विषय तिथंच संपला होता.

वैदेही ओट्याशी वेलदोडे सोलत होती. लेकीकडे न बघताच ती म्हणाली, "आजी कशाला? दोन तास नुसतं डच. कंटाळून जाईल ती. घरी आराम करू दे. संध्याकाळी आपण आलो की सगळे मिळून जेवू."

"कंटाळली तर कंटाळली."

"तिचे गुडघे बघ ना..."

"लिफ्ट आहे, ममा. मी विचारून ठेवलंय." संहितानं दह्याचा डबा काढून ओट्यावर आपटला. "आणि अजून एक. काल तू पुण्याला फोनवर डिग्री म्हणालीस. मी जिन्यात होते. डिग्री नाहीये ती. डिप्लोमा आहे. डिप्लोमाच म्हण."

टेबलाशी प्रताप बसला होता. भाचीच्या कौतुकाला तो पहाटेच्या गाडीनं ग्रोनिंगनहून आला होता. तिथल्या विद्यापीठात संशोधन करता करता त्याला पंधरा वर्षं झाली होती, आणि कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर ठरवायची खोड लागली होती.

"तसं बघितलं तर," तो घसा खाकरून म्हणाला, "चौथ्या पातळीचा एमबीओ डिप्लोमा म्हणजे आपल्याकडच्या..."

"मामा, प्लीज."

"बरं."

आशुतोष खिडकीपाशी आपल्या शर्टाला इस्त्री करत होता. या एका विषयावर तो आजवर गप्प बसत आला होता, आणि त्याचं गप्प बसणं नेहमी बायकोच्या पारड्यात पडायचं. आज इस्त्री न थांबवता तो म्हणाला, "आईंना येऊ दे, वैदेही. आठ वर्षं झाली. कोणाला काय सांगितलंय ते मला आता लक्षातच राहत नाही."

वैदेहीनं भावाकडे पाहिलं. "दादा, तू तरी सांग."

प्रतापनं कॉफीच्या मगात पाहिलं. "तुझं तू ठरव, वैदू," तो म्हणाला. तिचा जुना साथीदारही हातचा गेला होता.

आठ वर्षांपूर्वी सगळं पेढ्यांपासून सुरू झालं होतं.

तिघं हूफडॉर्पला आले तेव्हा संहिता दहा वर्षांची होती. दीड वर्षाच्या मोडक्यातोडक्या डचवर तिचा निकाल लागला. इथली रीत अशी, की मूल बारा वर्षांचं होता होता शाळाच सांगते, पुढं कुठं जायचं: थेट विद्यापीठाच्या वाटेला लावणाऱ्या शाळेत, मधल्या शाळेत, की हाताला काम शिकवणाऱ्या. संहिताच्या कागदावर हाताला काम शिकवणाऱ्या शाळेचं नाव होतं आणि त्यापुढं एक बारकं 'टी'. टी म्हणजे थिऑरेटिकल. तो शब्द वाचून नवरा-बायकोचा जीव भांड्यात पडला. प्रॅक्टिकल काय कोणीही करतं, थिअरी हुशार मुलांची, हे दोघंही जन्मभर ऐकत आले होते. आम्स्टेलवेनच्या दुकानातून दोन किलो पेढे आणले. आशुतोषनं ते ऑफिसात वाटले. शेजारच्या टेबलावरच्या योहाननं पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि जरा जपूनच विचारलं, मुलीला हातानं काम करायला आवडतं का. "खूप!" आशुतोष म्हणाला होता.

खरा अर्थ कळायला तीन आठवडे लागले. तोवर पेढ्यांची बातमी पुण्याला पोचली होती, आणि पुण्याला वैदेहीचे बाबा होते. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, रस्त्यात भेटलेल्या माणसाला आधी त्याची दहावीची टक्केवारी आठवून मग नाव आठवणारे. वैदेहीनं ती बातमी दुरुस्त केली नाही. चांगली शाळा मिळाली, इतकंच म्हणत राहिली. चार वर्षांनी संहिता एमबीओला, म्हणजे व्यवसायशिक्षणाच्या कॉलेजात, प्रयोगशाळेचं काम शिकायला गेली, तेव्हा प्रतापनं बहिणीला शब्द काढून दिला: लाइफ सायन्सेस. वैदेहीनं तो तेवढाच पुढं केला आणि पुण्यात त्याची आपोआप बी.एस्सी. झाली.

दर रविवारी आजोबा नातीला व्हिडिओ कॉलवर विचारायचे, "या आठवड्यात काय केलंस?" आणि संहिता रंगून सांगायची: जंतू कसे वाढवतात, कशानं मरतात, ताटलीत ते कसे दिसतात. "कितवं सेमिस्टर म्हणायचं हे?" असं त्यांनी विचारलं, की ती फोनच्या वरून आईकडे बघायची आणि आई उत्तर द्यायची.

मार्चमध्ये बाबा गेले. त्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी विचारलं होतं, पदवीदानाला तुमच्याकडे कुठल्या रंगाचा झगा असतो. "काळा," वैदेही म्हणाली होती. बाबांशी बोललेला तिचा शेवटचा शब्द तो होता.

जिन्यावर पावलं वाजली. बाबांच्या मागं तीन महिन्यांसाठी इकडे आणलेली आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. निळी इरकल नेसली होती, केस घट्ट बांधले होते. खाली आल्यावर तिनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"वर्षाच्या आत सणवार नसतात," ती म्हणाली, "पण विद्येला सुतक नसतं. बसनं जायचं की गाडीनं?"

संहिता दही खात भिंतीकडे बघून हसली. तयार राहा, असं आजीला तिनं कालच सांगून ठेवलं होतं.

*

हार्लेमच्या त्या शाळेचं सभागृह म्हणजे दुपारी बाकं हलवून मोकळी केलेली खानावळच होती. तळलेल्या बटाट्यांचा वास अजून होता. समोर बुटकं व्यासपीठ, त्यावर एक टेबल, टेबलावर एक पेन. मूळ भारतीय वंशाच्या एका सुरिनामी घरची तीन पिढ्यांची माणसं आख्खी रांग अडवून बसली होती, त्यांच्यातल्या दोन आज्यांनी आईकडे बघून हात जोडले. आईनंही जोडले. मुलं पुढच्या खुर्च्यांत बसली होती. एकानं लग्नाचा वाटावा असा सूट घातला होता, एक जण अर्ध्या चड्डीत होता.

"झगे नाहीत?" आईनं बसल्या बसल्या विचारलं.

"नाहीत."

"हे म्हणाले होते, काळे असतात."

वैदेहीनं पर्समध्ये काहीतरी शोधलं. ते सापडलं नाही.

आईला उजव्या कानानं बरं ऐकू येई, म्हणून वैदेही उजवीकडे बसली होती. डावीकडे प्रताप, त्याच्या पलीकडे फोन उंच धरून आशुतोष. व्यासपीठावर आलेल्या बाईंचं बोलणं सुरू होण्याआधीच आई म्हणाली, "मला सगळं सांगत जा हं. नुसत्या टाळ्या वाजवायला नाही आले मी."

इथं एकेका मुलाला वर बोलावत होते. त्याची वर्गशिक्षिका त्याच्याबद्दल दोन-तीन मिनिटं बोलायची, चांगलं आणि वाईटही, लोक हसायचे, मग मूल टेबलाशी वाकून आपल्या डिप्लोमावर स्वतः सही करायचं. सही केल्याशिवाय कागद हातात मिळत नव्हता. सूटवाला मुलगा दोन वेळा परीक्षेला झोपून राहिल्याचं बाईंनी सांगितलं, तेव्हा त्याची आई सगळ्यांत मोठ्यानं हसली. वैदेही आईच्या कानात सांगत गेली. परक्यांच्या मुलांचं सांगायला काही जड गेलं नाही.

"संहिता," बाई म्हणाल्या. त्यांचं नाव मिरयाम. उंच, केस पिकलेले, हातात चिठ्ठी होती पण तीत बघत नव्हत्या.

संहिता वर जाऊन उभी राहिली. आजीनं ताठ मान केली.

मिरयाम बोलू लागल्या, आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी ती कुठल्या शाळेतून आली ते नावानिशी सांगितलं.

"चांगल्या शाळेतून आली, म्हणतायत," वैदेही कुजबुजली.

"एवढंच? त्या तर बरंच बोलल्या."

मिरयामनी पुढचं वाक्य सावकाश उच्चारलं. जेमतेम दीड वर्षाची डच भाषा गाठीशी असलेल्या एका मुलीला मोठ्या माणसांनी सांगितलं की तुझी झेप इथवरच आहे, आणि माझ्याकडे आली तेव्हा ते तिला खरं वाटत होतं. सभागृहात कोणी हसलं नाही. संहिता आपल्या बुटांकडे बघत होती.



"थांबलीस का?" आईनं विचारलं. "पोरगी खाली बघतेय. काय म्हणाल्या?"

पलीकडून प्रताप वाकला. "मी सांगू का?"

"नको, दादा." वैदेहीनं तोंड आईच्या कानाशी नेलं. "आई, ही डिग्री नाही. हा डिप्लोमा आहे. आपल्याकडे दहावीनंतर आयटीआयला नाहीतर डिप्लोमाला जातात ना, तसा. बाराव्या वर्षी तिला खालच्या वाटेला लावलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगत आले. बाबांनाही..."

"ते नंतर," आई समोरची नजर न काढता म्हणाली. "आत्ता त्या बाई काय म्हणतायत ते सांग."

मग वैदेही सांगत गेली. मिरयाम बोलत होत्या आणि एका वाक्याच्या अंतरानं ती मागून येत होती. पहिल्या वर्षी हिनं चाळीस ताटल्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावल्या. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं स्वतः येऊन सांगितलं, चाळीसच्या चाळीस फेकल्या आणि सुट्टीच्या दिवशी येऊन सगळं पहिल्यापासून केलं. दुसऱ्या वर्षी मला विचारलं, इथून युनिव्हर्सिटीपर्यंत किती जिने आहेत. मी फळ्यावर काढून दाखवले: हा एक, मग हॉगस्कूल, म्हणजे व्यवसायाच्या पदवीचं कॉलेज, तिथलं पहिलं वर्ष पार पडलं की युनिव्हर्सिटीचं दार. गणित वेगळं करावं लागेल, अवघड आहे, म्हटलं. तिनं फळ्याचा फोटो काढला. गेली दोन वर्षं ती दिवसा इथं, आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी गणिताच्या वर्गाला. आमच्याकडे याला रचत जाणं म्हणतात, एकावर एक. एके काळी लोक ते जरा हसून म्हणायचे. आता माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं तेच करतात, आणि हसणारे कमी झालेत.

"मंगळवार-गुरुवार ती पोहायला जायची ना?" आईनं मध्येच विचारलं.

"मलाही तसंच सांगितलं होतं," वैदेही म्हणाली. हे तिला आत्ताच कळत होतं.

मिरयामनी चिठ्ठीची घडी घातली. मार्चमध्ये तिचे आजोबा गेले. सोमवारी ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिकाऊ कामावर हजर. मी तिथं पाहणीला गेले होते, म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, ताटल्या आज वाचायच्या आहेत, उद्या त्यांचा उपयोग नाही, कुणाचा तरी रिपोर्ट अडलाय. वाचल्या, लिहिलं, सही केली आणि मग रडली. मी बत्तीस वर्षं शिकवतेय. माझं रक्त कधी तपासायची वेळ आली, तर ते या मुलीनं तपासावं.

हे शेवटचं सांगतानाही वैदेहीनं एक शब्द गाळला नाही. व्यासपीठावर संहिता आता वर बघत होती, आणि ती बाईंकडे नव्हे, चौथ्या रांगेतल्या आपल्या आईच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती. मग ती टेबलाशी वाकली आणि तिनं सही केली.

टाळ्यांत आईचा आवाज कोणाला ऐकू आला नसता, पण वैदेहीला आला. "भले!" आई म्हणाली. हा शब्द बाबांचा होता. वर्षाकाठी एखाद्याच मुलाला मिळायचा.

*

नंतर बाहेरच्या मोकळ्या जागेत कॉफी आणि केक होता. संहिता मैत्रिणींच्या घोळक्यात फोटो काढत होती. आईला खुर्ची मिळाली होती. मुलगा आणि मुलगी तिच्यासमोर शाळेतल्या पोरांसारखी उभी होती.

"आई, तो लाइफ सायन्सेस शब्द माझा," प्रताप म्हणाला. "वैदूला एकटीला बोलू नकोस."

"तुला शब्द सुचतातच. लहानपणापासून." आईनं केकचा तुकडा बशीत दोन्ही बाजूंनी तपासला. "यांना वाटायचं, आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय. घरातच दोन होते."

"त्यांना फार वाईट वाटलं असतं का गं?" वैदेहीनं विचारलं. चार महिने हा प्रश्न तिच्याजवळ होता.

आईनं विचार केला. सांत्वनाची घाई तिला कधीच नव्हती. "वाटलं असतं. खोटं कशाला बोलू? दोन दिवस नीट जेवले नसते. तिसऱ्या दिवशी मार्क विचारले असते. मग त्या गणिताचं पुस्तक मागवलं असतं आणि रविवारी पोरीचं डोकं खाल्लं असतं."

वैदेहीनं मान हलवली. बाबांचे ते दोन दिवस वाचवायला ती गेली होती. तिसऱ्या दिवसाचा आणि नंतरच्या रविवारांचा हिशेब तिच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. रडू आलं नाही. ती नुसती उभी राहिली आणि आशुतोषनं तिच्या हातातला कप काढून घेतला.

"ही आजी का?" मिरयाम हात पुढं करत आल्या, मागोमाग संहिताही. आईनं तो हात दोन्ही हातांत घेतला आणि मग पिशवीतून नारळाच्या वड्यांचा डबा काढून त्यांच्यापुढं धरला.

"त्यांना विचार," ती वैदेहीला म्हणाली, "या वर्गातली किती मुलं वर जातात?"

"यंदा बावीसपैकी तेरा," मिरयाम म्हणाल्या. "मी नोकरीला लागले तेव्हा दोन-तीन जायची. संहिता सप्टेंबरपासून नायमेखनला हॉगस्कूलमध्ये. युनिव्हर्सिटी तिथंच आहे, सायकलनं दहा मिनिटांवर. वर्षभरात ती तेवढं अंतर कापेल, असा माझा अंदाज."

वैदेहीनं ते मराठीत सांगितलं.  मग आई मिरयामकडेच बघत, त्यांना समजत असावं तशी, बोलू लागली.

"आमचे हे मुख्याध्यापक होते. दर जूनला नववीच्या तुकड्या पाडायचे. अ, ब, क, ड. यांचं अक्षर म्हणजे मुंग्या, म्हणून याद्या मी लिहायची. एकोणीस वर्षं लिहिल्या. अ-मधून ब-मध्ये घसरलेली नावं लिहिली, ब-मधून क-मध्ये लिहिली. ड-मधून निघून अ-मध्ये गेलेलं एक नाव माझ्या हातानं कधी लिहिलं गेलं नाही. मुलं काही एकोणीस वर्षं मठ्ठ नव्हती. आम्ही जिनाच ठेवला नव्हता. यांच्याही कधी मनात आलं नाही, माझ्याही नाही. आज मी आमच्या घरातलं नाव वर चढताना बघितलं. त्यांना सांग, मला फार बरं वाटलं. आणि सांग, तुम्ही फळ्यावर काढून दाखवलंत, ते चांगलं केलंत."

सगळे वैदेहीकडे बघत होते. तिचं डच ऑफिसातलं, मीटिंगपुरतं. त्यात याद्या कशाबशा बसल्या, मुंग्या बसल्या, एकोणीस वर्षं बसली. आईचं बोलणं संपलं तिथं तिचंही संपायला हवं होतं. पण ती थांबली नाही. एका जागी अडखळली, शब्द शोधला, सापडेना तेव्हा दुसरा घेतला, आणि बोलत राहिली. प्रतापनं मान खाली घातली. मिरयामनी ऐकता ऐकता डबा एका हातात धरून दुसरा हात वैदेहीच्या दंडावर ठेवला.

"मी एवढं बोलले?" आईनं विचारलं.

"नाही, आजी." संहिता वैदेहीकडे बघत होती. "शेवटचं तुझं नव्हतं. ते ममाचं होतं."

"काय म्हणाली?"

वैदेहीनं तोंड उघडलं, पण संहितानं मान हलवली. ती खुर्चीशेजारी उकिडवी बसली, डिप्लोमाची निळी फाइल मांडीवर ठेवली आणि आजीच्या उजव्या कानाशी वाकली.

"म्हणाली, ही माझी मुलगी. ती काय शिकते ते मी आठ वर्षं लोकांपासून लपवलं, माझ्या वडिलांपासूनही. माझ्यासाठी तीही गप्प राहिली. लाज वाटावी असं तिनं काही केलेलं नाही, जे केलं ते मी केलं. आणि म्हणाली..." संहिता थांबली, तिनं नाक ओढलं. "म्हणाली, हिनं एकेक पायरी चढताना माझंही ओझं उचललं, आणि तरी वर पोचली."

आईनं नातीच्या केसांवरून हात फिरवला. मग मान वर करून लेकीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"सगळं सांगितलंस ना?" ती नातीला म्हणाली. "मधलं काही गाळलं नाहीस?"

"नाही, आजी," संहिता म्हणाली. "शब्द न् शब्द."